यामिनीच्या हिरड्या आणि अर्चनाचं पोट

अर्चनाच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे समता कॉलोनीतल्या सगळ्या मराठी घरांना ठाऊक होतं, आणि ते ठाऊक करून देणारीही अर्चनाच होती. ऑफिसातल्या बदल्या, महिला मंडळातले रुसवेफुगवे, नवऱ्याचं ब्लडप्रेशर, सगळं तिच्याकडून ताजं ताजं मिळायचं. मनानं वाईट नव्हती हो बाई. दुसऱ्याचं उणं शोधत फिरणाऱ्यांतली तर मुळीच नव्हती. आनंद झाला की तिला सांगावंसं वाटायचं, काळजी वाटली की सांगावंसं वाटायचं, आणि दिवसभर तिला या दोन्हींपैकी काही ना काही वाटतच असायचं.

भुलाबाईच्या दिवसांत तर तिची भलतीच पंचाईत व्हायची. विदर्भ सोडून रायपूरला दोन-दोन पिढ्या झाल्या, पण इथल्या आपल्या बायांनी भुलाबाई सोडली नाही. रोज एकेका घरी जमायचं, पोरींनी गाणी म्हणायची, आणि शेवटी घरच्या बाईनं झाकलेला डबा खुळखुळ वाजवायचा. आत खिरापत काय आहे ते पोरींनी ओळखायचं. जिची खिरापत कोणालाच ओळखता येत नाही ती बाई पुढं वर्षभर मिरवते. अर्चनाची खिरापत पोरी दारात चपला काढतानाच ओळखायच्या, कारण तिनं ती सकाळीच कोणाला तरी सांगून टाकलेली असायची.

तर अशा या अर्चनाची पोरगी यामिनी. वय तेरा. जूनमध्ये तिला पहिल्यांदा पाळी आली.

अर्चनाला स्वतःचा तो दिवस आठवला. आईनं एक शब्द न बोलता तिला कोपऱ्यात बसवलं होतं आणि ताट दुरून सरकवलं होतं. आपण काय केलं म्हणून आई आपल्यावर रागावली, हे तिला कितीतरी दिवस कळलं नव्हतं. माझ्या पोरीला असं होऊ देणार नाही, हे तिनं तेव्हाच मनाशी धरलं होतं. म्हणून तिनं वर्ध्याला माहेरी फोन केला, अमरावतीला केला, बायांना बोलावून पोरीची ओटी भरली आणि कॉलोनीत घरोघर पेढे दिले. पलीकडच्या मीराबाईंनी कुंपणावरून विचारलं, "कायचे पेढे वं?" अर्चनानं कायचे ते खणखणीत आवाजात सांगितलं. तेव्हा फाटकापाशी प्रेसवाले भैया कपडे मोजून घेत उभे होते आणि पडद्यामागं यामिनी उभी होती.

यामिनी दोन दिवस खोलीबाहेर आली नाही. अर्चनाला वाटलं अशक्तपणा असेल. तिनं डिंकाचे लाडू केले.

आता हिरड्यांकडे येऊ. गणपती उठले आणि अर्चनाला घरात काही खुणा दिसू लागल्या. यामिनीच्या उशीवर गुलाबी डाग. तिनं अर्धवट टाकलेल्या पेरूवर दातांच्या जागी लाल रेघ. पोरगी हसताना तोंडावर हात धरायची, जवळ येऊन बोलली तर तोंडाला वास यायचा, आणि सकाळी बाथरूममध्ये शिरली की नळ वाहतो आहे, वाहतो आहे, बाई काही बाहेर येत नाही. अर्चनानं सगळं जोडून पाहिलं आणि निकाल लावून टाकला. पोरगी गुडाखू घासते!

ज्यांना गुडाखू ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. तंबाखू आणि गूळ घोटून केलेली ही काळपट लगदी असते, इवल्याशा डबीत मिळते. बोटावर घ्यायची, दातांना नि हिरड्यांना घासायची आणि डोळे अर्धे मिटून भिंतीला टेकायचं. छत्तीसगडात हे ध्यान पारोपारी दिसतं, त्यात म्हातारे असतात, बाया असतात, आणि कधी शाळेतली पोरंही असतात. लोक त्याला दात घासणं म्हणतात, पण दात बिचारे निमित्ताला असतात.

रात्रीची वाट न बघता अर्चनानं नवऱ्याला, प्रतापला, दारातच गाठलं. प्रताप सिलतऱ्याच्या लोखंडाच्या कारखान्यात सुपरवायझर. अंगावरची काजळी धुवायलाही तिनं त्याला जाऊ दिलं नाही.

"अहो, पोट्टी गुडाखू करून राहिली."

"कोण म्हणते?"

"मी म्हणते. ते साक्षी आहे ना तिची मैत्रीण, तिकडं गुढियारी मोहल्ल्यातली, तिच्याकडं अभ्यासाले जाते. तिथंच शिकली असन."

"मी गुढियारीतच वाढलो," प्रताप म्हणाला. "रेल्वेच्या क्वार्टरात. माझे दात पाह्य." त्यानं दात दाखवले. काळ्या तोंडात ते फारच पांढरे दिसत होते. "पोट्टीले विचारलं का?"

"विचारलं तं खरं सांगन का ती?"

"मंग न विचारता तुले कसं समजलं?" असं म्हणून तो अंघोळीला गेला. या माणसाशी बोलण्यात अर्थ नसतो, हे अर्चनाचं जुनं मत होतं. तिनं यामिनीचं दप्तर चाचपलं. डबी मिळाली नाही, म्हणजे पोरगी भलतीच हुशार झाली, असा तिनं निष्कर्ष काढला. आणि एवढी मोठी काळजी एकटीनं वाहायची कशी? ती कुंपणापाशी गेली.

"काकू, कोणाले सांगू नका हं," तिनं सुरुवात केली.

"मी कायले सांगतो बाप्पा," मीराबाई म्हणाल्या आणि कुंपणाला आणखी खेटल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी अर्चना बाथरूमच्या दाराशी दबा धरून बसली. दार नीट लागलेलं नव्हतं. आत यामिनीनं ब्रश ओला केला, त्यावर पेस्ट घेतली, नळाखाली ती धुऊन टाकली आणि ब्रश नुसताच बेसिनच्या कडेवर खसाखसा घासला. मग खाकरली, चूळ भरली. दात घासायचे सगळे आवाज झाले, फक्त दात तेवढे त्यात नव्हते.

अर्चनानं दार ढकललं. "तोंड उघड."

"क्यों?"

"उघड म्हणते ना! गुडाखू घासून राहिली तू?"

"क्या?" यामिनीचं तोंड आपसूकच उघडलं, त्यामुळे आत पाहायचं काम सोपं झालं. काळं काही नव्हतं. दातांच्या फटींमध्ये हिरड्या लालबुंद फुगल्या होत्या, आणि एके ठिकाणी रक्ताचा बारीक थेंब चमकत होता.

"अगं बाई! हे कधीपासून?"

"बहुत दिन से. ब्रश करती हूँ तो खून आता है. इसलिए करना ही बंद कर दिया."

"मले काहून नाही सांगितलं?"

यामिनीनं ब्रश बेसिनमध्ये टाकला. मग एकदम सगळं बाहेर आलं. "आपको बताती? पिछली बार खून आया तो आपने पूरी कॉलोनी में पेढे बाँटे थे! प्रेसवाले भैया तक को! इस बार क्या बाँटतीं, जलेबी?"

ते पेढे अर्चनानं किती हौसेनं आणले होते. आपल्याला जे मिळालं नाही ते पोरीला भरभरून द्यावं, एवढंच तिच्या मनात होतं. आणि पोरीनं मात्र त्यातून एवढंच शिकून घेतलं की काही दुखलंखुपलं तर आईला कळता कामा नये. तिला फार वाईट वाटलं. आपल्या आईनं कोपऱ्यात बसवलं आणि आपण चव्हाट्यावर बसवलं, एवढाच काय तो फरक, असं तिच्या मनात आलं आणि डोळे भरले.

"और गुडाखू किसने बोला?" यामिनीनं विचारलं.

"कोणी नाही. मलेच वाटलं," अर्चना म्हणाली. ते खरं होतं, पण अर्धं.

संध्याकाळी दोघी कॉलोनीतल्याच दातांच्या दवाखान्यात गेल्या. डॉक्टर रूपाली नागपूरच्या, तरुण, बोलायला मोकळ्या. त्यांनी आधी यामिनीला विचारलं, "आई आत हवी का बाहेर?"

यामिनीनं थोडा विचार केला आणि म्हणाली, "बाहर."

अर्चना बाहेर बसली. बसली म्हणजे काय, खुर्चीच्या टोकावर टेकली. आत काय चाललं आहे ते कळेना आणि बाहेर कोणाला सांगावं तर सांगायला काहीच नाही. सवयीनं तिचा हात फोनकडे गेला, वर्ध्याचा नंबर समोर आला, आणि तिनं फोन पर्समध्ये उपडा टाकून पर्सची चेन लावली. असा पराक्रम तिनं आयुष्यात पहिल्यांदाच केला होता.

बऱ्याच वेळानं डॉक्टरांनी दार उघडलं. "या आता. यामिनी म्हणते तुम्हाला सांगायला हरकत नाही."

हरकत नाही! अर्चनाला ते टोचलं, पण ती गपचूप आत गेली.

"घाबरायचं कारण नाही," डॉक्टर म्हणाल्या. "वयात येताना अंगात हार्मोन वाढतात ना, ते हिरड्यांनाही सोडत नाहीत. तिकडे रक्ताचा ओघ वाढतो आणि हिरड्या चिडक्या होतात. दातांवर जो चिकट थर बसतो, तो आधीही बसायचा, पण आता तेवढ्या थरावरही त्या फुगतात, रक्त येतं."

"म्हणजे हिरड्याही वयात येतात?"

"असंच समजा. या वयात दार आपटणारी पोरं पाहिली ना? हिरड्यांचंही तेच. मुलग्यांनाही होतं हे. पण रक्त दिसलं म्हणून हिनं घासणंच सोडलं, मग थर वाढला, मग आणखी सुजलं. मी आज दात साफ करून दिलेत. मऊ ब्रश घ्यायचा, दोन वेळा घासायचं, हिरडीच्या कडेला हलकेच फिरवायचा, आणि दातांच्या फटीतून धागा फिरवायचा, फ्लॉस म्हणतात तो. सुरुवातीला थोडं रक्त येईल, थांबायचं नाही. काही आठवड्यांत कमी झालं नाही तर मला परत दाखवा."

"आणि गुडाखूनं तर नाही ना झालं?" अर्चनानं खात्री करून घेतली. यामिनीनं कपाळाला हात लावला, आणि डॉक्टर खो खो हसल्या.

घरी येताना यामिनी रस्त्यात थांबली. "मम्मी, ये बात किसी को नहीं बताना. नानी को भी नहीं. मीरा दादी को तो बिलकुल नहीं. प्रॉमिस?"

"नाही सांगणार," अर्चना म्हणाली, आणि मनापासून म्हणाली. पण लगेच तिला कुंपण आठवलं. 

घरात पर्स टाकून ती तशीच मीराबाईंकडे गेली. "काकू, ते गुडाखूचं काही नव्हतं बरं का."

"असं? मंग काय होतं?"

आता आली का पंचाईत! काय होतं ते सांगायला तिची जीभ नुसती वळवळत होती. हार्मोन, हिरड्या, चिकट थर, मऊ ब्रश, सगळं तोंडपाठ होतं. एका दमात पोरीचं नाव स्वच्छ झालं असतं. पण त्याच दमात पोरीचं तोंड पुन्हा कॉलोनीसमोर उघडावं लागलं असतं.

"काही नव्हतं," ती म्हणाली.

"हव, हव," मीराबाई डोळे बारीक करून म्हणाल्या. "समजलं बाई. आपलीच पोट्टी आहे. झाकावंच लागते."

म्हणजे सारवायला गेली आणि घाण आणखीच पसरली. अर्चनाला त्या रात्री जेवण गेलं नाही.

पुढचे दिवस घरात बरे गेले. यामिनी आरशापुढं उभी राहून हलक्या हातानं ब्रश फिरवायची. रक्त हळूहळू कमी झालं, पेरूवरची रेघ गेली, आणि ती हसताना हात खाली ठेवू लागली. अर्चना रोज सकाळी आपलं पोट धरून बसायची आणि कोणालाही काही सांगायची नाही. तिला त्याची थोडी सवयही होऊ लागली. इतकी की अर्चनाच्या घरच्या भुलाबाईचा दिवस आला, तेव्हा डब्यात काय आहे ते प्रतापलाही माहीत नव्हतं.

दिवेलागणीला घर भरलं. भिंतीशी भुलाबाई-भुलोजी बसले होते, पोरींची गाणी झाली, टिपऱ्या वाजल्या. बाया सोफ्यावर, सतरंजीवर, जिथं जागा मिळाली तिथं. सगळ्यांत मानाच्या खुर्चीवर शांताबाई, मंडळातल्या सर्वांत वडीलधाऱ्या, रिटायर्ड शाळामास्तरीण, ज्यांच्यासमोर अजूनही बाया पदर सावरून बसतात. प्रताप दारात दुधाचं पातेलं घेऊन उभा. अर्चनानं डबा वाजवला.

"शंकरपाळे!"

"नाही."

"चिवडा! करंजी! चकली!"

"नाही, नाही, नाही." तिला फारच मजा येत होती. डब्यात खुरमी होती, कणीक नि गूळ मळून तळलेली, इथल्या छत्तीसगडी घरांतून होते ती, आणि मराठी पोरींच्या डोक्यात ती येत नव्हती. बाया कौतुकानं एकमेकींकडे बघू लागल्या, की यंदा अर्चनाला झालं तरी काय.

तेवढ्यात मीराबाईंची सहा वर्षांची नात निधी टाळ्या पिटत उठली. "मुझे पता है! गुडाखू है! यामिनी दीदी की गुडाखू!"

कोणीतरी फिस्सकन हसलं. मग सगळ्या एकदम गप्प झाल्या, आणि ती गप्प होण्याची रीत पाहून अर्चनाला कळलं की ही गोष्ट प्रत्येकीला ठाऊक आहे. मीराबाई नातीचा फ्रॉक ओढून तिला खाली बसवत होत्या.

यामिनीनं आईकडे पाहिलं. तिला काही विचारायची गरजच नव्हती, कारण गुडाखू हा शब्द घरात एकाच तोंडातून निघाला होता. तिचा चेहरा पांढरा पडला आणि हात सावकाश वर जाऊन पुन्हा तोंडावर बसला.

ते अर्चनाला सोसवलं नाही. पोरीच्या हिरड्या सुजल्या होत्या, डॉक्टर म्हणाल्या वयामुळे आहे, एवढं खरं बोलून टाकलं की ती मोकळी झाली असती. सगळ्या बाया कान टवकारून बसल्या होत्या. यामिनीनं मान किंचित हलवली. नाही. मम्मी, नाही.

अर्चनानं डबा खाली ठेवला.

"निधी बेटा, गुडाखू यामिनी दीदीची नाही," ती म्हणाली. "माझी आहे."

सगळ्या बाया अर्चनाकडे वळल्या. ही बाई मंडळाची सेक्रेटरी. मागच्या वर्षी व्यसनमुक्तीच्या फेरीत सर्वांच्या पुढं फलक घेऊन हीच चालली होती.

"पण तू तं मले म्हणाली..." मीराबाईंना राहवलं नाही.

"मंग काय म्हणू काकू? स्वतःचं झाकाले पोट्टीचं नाव घेतलं. चुकलं माझं."

"तू? गुडाखू?" कोणीतरी म्हणालं. "कधीपासून?"

खोटं बोलायचा अर्चनाला सरावच नव्हता. जन्मभर खरंच बोलत आली होती आणि नको तितकं. तेवढ्यात दारातून प्रतापचा शांत आवाज आला. "लग्नाच्या आधीपासून. मीच आणून देतो सिलतऱ्यावरून. दूध थंड होऊन राहिलं, घ्या सगळे."

मग जे व्हायचं ते झालं. दूध पिता पिता बायांनी अर्चनाला धारेवर धरलं. एकीनं लवंग चघळायला सांगितलं, दुसरीनं आपल्या चुलत दिराच्या जबड्याची हकिगत ऐकवली, मीराबाईंनी तर आईच्या मायेनं तिचा हात धरून शपथच घ्यायला लावली. अर्चनानं मान खाली घालून शपथ घेतली. लाज वाटत होतीच. पण यामिनी समोर बसली होती आणि तिचे खांदे गदगदा हलत होते, आणि ती रडत नव्हती. तोंडावर हात न ठेवता, सगळे दात दाखवत हसत होती. त्यापुढं सेक्रेटरीपद काय चीज!

अर्चना पेले ठेवायला स्वयंपाकघरात गेली तर मागोमाग शांताबाई आल्या. त्यांनी इकडंतिकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"अर्चना, कोणती घासतेस गं तू? माझी आज सकाळीच संपली."

अर्चनानं हातातला पेला ओट्यावर ठेवला. "मावशी, उद्या आपण दोघी डॉक्टर रूपालीकडं जाऊ," एवढंच ती कशीबशी म्हणाली.

"कोणाले सांगू नको."

"नाही सांगत."

आणि तिनं सांगितलं नाही. आम्हाला हे शांताबाईंनीच सांगितलं, तेही डबी सुटल्यावर आणि मोठ्या अभिमानानं.

सगळ्या गेल्यावर यामिनी ओट्यापाशी आली. आईनं विसळलेले पेले ती पुसू लागली. 

"मीरा दादी को आपने बताया था न? गुडाखू वाला."

"हव," अर्चना म्हणाली. "दवाखान्यात जायच्या आधी. चुकलं बेटा."

यामिनीनं आणखी एक पेला पुसला. मग तिनं स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. आई विदर्भाची असली तरी ही पोरगी जन्मापासून रायपूरची. मराठी कळायचं सगळं, पण आईला उत्तर नेहमी हिंदीत. त्या दिवशी मात्र ती आईच्या कानाशी आली आणि म्हणाली, "मम्मी, तुले एक गोष्ट सांगू?"

"सांग."

तिनं सांगितलं. थोडी गोष्ट नसावी, कारण पोरीसाठी पुन्हा गरम केलेलं दूध ओट्यावर तसंच थंड झालं. प्रतापनं दोनदा दार वाजवलं, तर आतून अर्चना म्हणाली, "थांबा." रात्री त्यानं विचारलं, तर म्हणाली काही नाही. सकाळी वर्ध्याचा फोन आला, मीराबाई कुंपणाला येऊन टेकल्या, त्यांनाही काही मिळालं नाही.

आम्हीही पुष्कळ खटपट केली. काय सांगितलं पोरीनं, ते अर्चना काही बोलत नाही.